ऊन डाव्या गालावर हवं होतं

आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली आहे. बुलेट हे चालवतात, रस्ता मी आखते. निघायच्या आदल्या रात्री जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर लॅपटॉप येतो, बेसकॅम्प हे मार्ग आखायचं गार्मिनचं सॉफ्टवेअर उघडतं आणि मी अलिबागपासून किनारा धरून खाली सरकायला लागते. आखलेला मार्ग मग गाडीवरच्या जीपीएस यंत्रात पाठवायचा, वाटेत त्यातली बाई बोलून रस्ता सांगते. मोबाईलवरही रस्ता कळतो, मान्य. पण चार दिवसांचा किनारा तळहाताएवढ्या पडद्यावर आखून बघा, मग बोलू.

गेल्या डिसेंबरात दापोलीहून गुहागरला जायचं होतं. मी आखलेला मार्ग सरळ होता: दापोलीतून दक्षिणेला दाभोळ, तिथून फेरीबोटीत गाडी चढवायची, वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, पुढे गुहागर. रात्री पडद्यावर रेघ अगदी पाण्यावरून पलीकडे गेलेली दिसत होती. सकाळी निघालो. पाच-सात किलोमीटर झाले आणि मला ऊन डोळ्यांवर यायला लागलं. दाभोळला चाललोय तर सकाळचं ऊन डाव्या गालावर हवं!

"अहो, आपण पूर्वेला चाललोय."

"अगं, बाई सांगतेय ना खेड!"

"मागची बाई काय सांगतेय तेही ऐका जरा."

थांबून बघितलं. यंत्र आम्हाला खेड, मग महामार्गाने चिपळूण, मग गुहागर असं नेत होतं. जवळजवळ १०० किलोमीटर. दाभोळवरून त्याच्या साधारण निम्मं पडतं.

चूक माझीच. आदल्या पावसाळ्यात बोटीच्या भरवशावर राहायला नको म्हणून यंत्रातल्या 'टाळा' यादीत फेरीवर खूण केली होती, ती तशीच राहिली. लॅपटॉपवरच्या यादीत ती नव्हती. आणि इथेच खरी गोम आहे. आपण मार्ग पाठवतो तेव्हा आपली रेघ जाते असं वाटतं. पण मार्ग म्हणजे मुळात ओळीने लावलेले मोजके बिंदू. ते हातात आले की यंत्र स्वतःचा नकाशा, स्वतःच्या आवडीनिवडी लावून मधला रस्ता पुन्हा काढू शकतं. मी दापोली आणि गुहागर असे दोनच बिंदू दिले होते, त्यामुळे त्या बिचाऱ्याला दाभोळ माहीत असायचं कारणच नव्हतं.

ट्रॅकचं तसं नसतं. मार्ग आणि ट्रॅक ज्यात साठवतात ती जीपीएक्स फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघितलीत तर मार्ग 'आरटीई' म्हणून दिसतो आणि ट्रॅक 'टीआरके' म्हणून. ट्रॅकमध्ये वळणावळणाला इतके बिंदू असतात की मध्ये रस्ता शोधायला जागाच उरत नाही. तो नुसता नकाशावर रंगीत दोरीसारखा पडून राहतो. डावीकडे वळा-उजवीकडे वळा सांगत नाही, पण मनानं बदलतही नाही. आता मी दोन्ही पाठवते. बाई काहीही बोलो, दोरी सोडायची नाही.

आणि बिंदू ठेवताना नकाशा भरपूर मोठा करायचा. लांबून टिचकी मारली की बिंदू बाजूच्या गल्लीत पडतो आणि यंत्र इमानदारीत त्या गल्लीत जाऊन परत यायला सांगतं. आंजर्ल्यात आम्ही असेच एका नारळ-सुपारीच्या वाडीत शिरलो होतो. अंगणात सुपारी वाळत घालणाऱ्या आजींनी "कुणाकडं आलात?" विचारलं. काय सांगणार! पाणी पिऊन परत फिरलो.

आता दाभोळच्या जेटीवर आणि धोपाव्याच्या जेटीवर एकेक बिंदू असतो, दोन्ही 'शेपिंग'चे. म्हणजे मार्ग तिथून वळतो, पण पोचल्याची घोषणा होत नाही. पेट्रोल आणि जेवणाला मात्र 'व्हाया'. तोही खरंच थांबायचं असेल तरच. व्हाया चुकवला की ती बाई मागे वळा, मागे वळा म्हणून डोकं खाते.

त्या दिवशी दापोलीला परत फिरलो, दाभोळला अंडा मशिदीजवळून जेटीवर उतरलो. समोरची फेरी नुकतीच सुटली होती. पुढची येईपर्यंत यांनी एक शब्द काढला नाही. बोटीत गाडी स्टँडवर लावल्यावर यंत्रावरचा बाण निळ्या पाण्यातून संथ सरकायला लागला, तेव्हा म्हणाले, "आणि ती खूण काढलीस का?"

काढली नव्हती. तिथेच काढली.