कोकणात जाताय म्हणून मड टायर घेऊ नका (जिम्नी, राजापूर ते गुहागर)

सरळ सांगतो, कोकणात सड्यावर (जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर) गाडी घालायचा विचार असेल आणि टायरवाला म्हणाला की "कोकण म्हणजे चिखल, एमटीच टाका" (एमटी म्हणजे मड टेरेन, चिखलासाठीचे टायर), तर तिथून उठा आणि दुसरं दुकान बघा. मला हेच सांगून चार टायर गळ्यात मारले.

गाडी मारुतीची जिम्नी, म्हणजे छोटी फोर बाय फोर, कंपनीचा टायर साइज १९५/८० आर१५. त्याजागी २१५/७५ आर१५ मड टेरेन टाकले, एकाचे ११,५०० घेतले. स्टेपनी पण बदलू का विचारलं तर म्हणे गरज नाही, एवढासा फरक आहे, जुनीच राहू दे. आणि मी तारीख बघितली नाही. टायरच्या अंगावर डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. माझे चारही टायर तीन वर्षांच्या वर पडून राहिलेले होते. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि फिटिंग करताना ती बाजू आत गेली की दिसत नाहीत, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच वाचा. दुकानदार घाई करेल, करू दे.

कोल्हापूर, गगनबावडा, भुईबावडा घाट, खारेपाटण, राजापूर. घाट मस्त, त्याबद्दल बाकीचे लिहितातच. हायवेला टायरचा घूं घूं आवाज इतका की बायको म्हणाली काच उघडी आहे का बघा.

आता सडा. ऑक्टोबर, परतीचा पाऊस आदल्या रात्रीच पडून गेलेला, राजापूर तालुक्यातल्या एका चिरेखाणीची (जिथे जांभ्याचे चिरे कापून काढतात) जुनी वाट धरली. तिथे चिखल नसतोच हो. खाली सलग जांभ्याचा कातळ, वर जेमतेम बोटभर माती, आणि जिथे पाणी झिरपतं तिथे काळं-हिरवं शेवाळ. एमटीचे गट्टे मोठे आणि मधल्या फटी रुंद, त्यामुळे ओल्या कातळावर रबर टेकतंच कमी, आणि शेवाळावर पकड देणाऱ्या बारीक चिरा त्या गट्ट्यांवर जवळपास नसतातच. पऱ्या (ओढा) ओलांडून वर चढताना फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, गिअर सगळ्यात हळू), ॲक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवलेला असताना गाडी आडवी सरकली. डाव्या बाजूला दहा-बारा फूट खोल खाण, पाण्याने भरलेली. अजून आठवलं की हाताला घाम येतो.

तिथून सावरलो आणि पुढे शंभर पावलांवर खरा घोळ झाला. गवत कमरेएवढं, आणि त्यात मशीनने कापून टाकलेला अर्धा चिरा. जांभा मऊ असतो असं आपण म्हणतो, पण कापलेल्या चिऱ्याची कड उन्हापावसात टणक होते. मागचं उजवं चाक त्याला घासलं, फस्स आवाज आला, उतरून बघतो तर साइडवॉल (टायरची बाजू) तीन बोटं फाटलेली आणि आतले पांढरे दोरे बाहेर, त्यावर लाल माती चिकटलेली. पंक्चर किट, मशरूम, पॅच, सगळं असून उपयोग शून्य, कारण साइडवॉल गेली की टायर गेला.

आणि स्टेपनी जुन्या साइजची! नव्या टायरपेक्षा साधारण एक सेंटीमीटर लहान. जिम्नीला मधला डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, फोर व्हीलमध्ये पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधलेला असतो, त्यामुळे कातळासारख्या घट्ट जमिनीवर वेगळ्या साइजची चाकं लावून चालवलं की सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर. म्हणून ती तीन किलोमीटर वाट टू-एचमध्ये (जोर फक्त मागच्या दोन चाकांना), बायको पुढे गवत तुडवत दगड दाखवतीये आणि मी मागे, दोन तास. स्टेपनीसकट पाच टायर एकाच साइजचे, यात तडजोड नाही.

रत्नागिरीत गेलो तर टायर अर्ध्या तासात मिळाला, कारण २१५/७५ आर१५ हा बोलेरोचा साइज आणि कोकणात बोलेरो गावोगाव. तारखेचे आकडे तिथल्या माणसाने बोट ठेवून दाखवले, तेव्हा मला कळलं. म्हणजे साइज बरोबर होता, नक्षी चुकली होती. माझं मत, हाच साइज, ऑल टेरेन (सगळ्या प्रकारच्या जमिनीसाठीचा), त्यातल्या त्यात जाड साइडवॉलवाला, बास.

जयगड-तवसाळ फेरीने गुहागर बाजूला. तिथले दोन दिवस छान गेले.

एकच गोष्ट, खाडीच्या तोंडाशी रस्ता संपतो तिथे सुक्या वाळूत रुतलो. जेवढी रेस केली तेवढी खाली गेली. ट्रॅक्टरवाल्याने ३,००० सांगितले. जाळी विणत बसलेले एक आजोबा उठून आले, म्हणाले, "हवा काढा आधी, पोट टेकलंय तिचं." चारही चाकं १६ पीएसआयवर आणली, हाताने वाळू उकरली, गाडी स्वतःहून निघाली. कातळाला मी आता २२ ठेवतो, याच्या खाली साइडवॉल फुगून कडेला येते आणि चिरली जाते. डांबरावर यायच्या आधी दाराच्या स्टिकरवर आहे तेवढी परत भरा, म्हणून बारा व्होल्टचा पंप आणि चांगला गेज आधी घ्या, बंपर आणि लाइटबार नंतर. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) मात्र गाडी घालूच नका, नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात.

सड्यावर पण मळलेली वाट सोडू नका. देवाचे गोठणे, बारसू, कशेळी इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि गवताखाली अजून कुठे काय कोरलेलं असेल ते वरून दिसत नाही. गाडी लांब लावा, चालत जा.

घरी आल्यावर त्याच दिवशी गाडी जॅकवर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, चाकाच्या आतल्या बाजूला पण पाइप मारा. माझ्या रिमच्या आत मूठभर वाळू निघाली.