बाळ जेवलं का?

रात्री साडेनऊला बंगळुरूहून चिरंजिवांचा फोन येतो. माझी चौकशी नाही, आजीच्या गुडघ्यांची नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "बाळ जेवलं का?" मी म्हणते, "नाही रे. नववा आठवडा लागला." हे बोलणं एकदा शेजारच्या वहिनींनी गच्चीत कपडे वाळत घालताना ऐकलं. नऊ आठवडे उपाशी बाळ! त्या तशाच ओल्या हातांनी आमच्याकडे आल्या. मग त्यांना आत नेऊन बाळ दाखवावं लागलं. तेव्हापासून त्या साखर मागायलाही येत नाहीत.

बाळ म्हणजे साप. जातीनं बॉल पायथन. भीती वाटली की डोकं मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून बॉल. सासूबाईंच्या कानांनी पहिल्याच दिवशी त्याचं "बाळ पायथन" करून टाकलं आणि लेकानं मोठ्या हौसेनं ठेवलेलं इंग्रजी नाव त्याच दिवशी बुडालं. मूळचा हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हा पाहुणा, म्हणून चालतो, तोही सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद करून. लेकानं ते कागद स्वतःच्या जन्मदाखल्याच्याच फाइलीत लावले. मग त्याला नोकरी लागली. तो गेला, फाइल राहिली आणि बाळही राहिलं.

आता आमचं गाव इंदूर. सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी छप्पन दुकानची खाऊगल्ली, रात्री दहानंतर सराफ्यातल्या खाऊच्या गाड्या. थंडीत तळलेला गराडू कंद, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. इथे माणूस दुसऱ्याला "कसा आहेस" विचारायच्या आधी "काय खाणार" विचारतो. त्यात आमचं घर मराठी, म्हणजे आग्रह. पानात वाढलेलं संपलं की वाढणाऱ्याला वाटतं अजून भूक आहे, आणि उरलं की वाटतं आवडलं नाही. सासूबाईंनी आजवर कुणाचं "पुरे" हे खरं मानलेलं नाही. पान हातानं झाकलं तर त्या बोटांच्या फटीतून तूप सोडतात. अशा घरात हा प्राणी आला. त्याच्यावर आग्रहाचा काडीचाही परिणाम होत नाही.

त्याचं जेवण काढणं हे श्रावणी सोमवारच्या स्वयंपाकापेक्षा कटकटीचं आहे. लेकाच्या ओळखीतला एक जण पांढरे उंदीर पैदाशीसाठी पाळतो. त्याच्याकडून ते मारून गोठवलेले येतात. जिवंत का नाही, तर घाबरलेला उंदीर सापाला चावतो आणि जखम चिघळते. मटार आणि आमरसाच्या शेजारी उंदीर ठेवायला सासूबाईंनी साफ नकार दिला, तेव्हा मागच्या बाल्कनीत एक जुना छोटा डीप फ्रीझर आला. पंधरा दिवसांतून एकदा एक उंदीर. जाडी सापाच्या पोटाच्या सर्वांत जाड भागाएवढी, वजन साधारण ९० ग्रॅम. आदल्या रात्री तो बंद डब्यात वितळायला काढायचा, संध्याकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचा. उकळतं पाणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच, आतून शिजतो. शेवटी डोक्याकडचा भाग जरा जास्त गरम करायचा. त्यासाठी माझा हेअर ड्रायर गेला. पोळीचा चिमटा त्याआधीच गेला होता.

ही सगळी ऊब कशासाठी, तर बाळाच्या वरच्या ओठावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत, त्यांतून त्याला उष्णता कळते. अंधारात उंदीर त्याला दिसतो तो असा, उबेचा ठिपका म्हणून. गार उंदीर म्हणजे त्याच्या लेखी भिंत.

आणि मनात असलं की बघावं. आधी जीभ हळू होते. मग मानेचा इंग्रजी एस होतो. मग काय झालं ते दिसतच नाही, फक्त चिमट्याला हिसका बसतो आणि उंदराभोवती तीन वेढे पडलेले असतात. अजगर गुदमरवून मारतो असं मी शाळेत शिकले होते. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ सापांवर मोजून दाखवलं की वेढ्यानं काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं, श्वासाची पाळी नंतर. आमचा उंदीर तर महिन्याभरापूर्वीच मेलेला असतो. तरी बाळ त्याला पुन्हा एकदा रीतसर मारतं. मग वेढे सैल करून त्याचं नाक शोधतं. गिळायला सुरुवात डोक्याकडून. खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीत एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे एक पुढे, मग दुसरी पुढे, अशा त्या उंदरावरून चालत जातात. श्वासनळीचं तोंड त्या वेळी बाहेर सरकलेलं असतं, नाही तर घास चालू असताना हाच गुदमरेल. शेपटीचं टोक शेवटी शेवयासारखं आत जातं. मग दोन मोठ्या जांभया. सासूबाई दाराआडून म्हणतात, "झालं का गं?" त्या बघत नाहीत, पण उठूनही जात नाहीत.

हे सगळं मनात असलं तर. दिवाळीनंतर त्याच्या मनातून उतरलं.

पहिल्यांदा मी उंदीर नाचवला. त्यानं तोंड फिरवलं. तासाभरानं पुन्हा गरम करून नाचवला. त्यानं चेंडू केला. लेकाला फोन लावला तर तो हसला. म्हणे बॉल पायथन उपासासाठीच प्रसिद्ध आहेत, त्यातून नर, त्यातून थंडीचे दिवस. कित्येक महिने खात नाहीत आणि ठणठणीत असतात. आधी पेटीतली ऊब बघ. इंदूरची थंडी काही थोडकी नाही, रात्री पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो. पेटीच्या एका टोकाला ३२ अंश आणि दुसऱ्याला २६ हवं. ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही, पोटात सडतं आणि उलटून पडतं. मी थर्मामीटर बघितला. ऊब बरोबर होती. मग ओलावा बघितला, लपायची जागा बदलून आणखी घट्ट केली, कारण ह्या मंडळींना अंगाला सगळीकडून भिंत लागली की बरं वाटतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर धुरकट होतात, तेव्हा ते खात नाहीत. डोळे बघितले. स्वच्छ होते, आणि माझ्याकडेच बघत होते.

मग सुरू झाले लाड. पांढरा नको तर काळा उंदीर आणला. कोंबडीच्या पिल्लाचं पीस उंदराला चोळून वास बदलला. पेटीवर चादर घातली. उंदीर कागदी पिशवीत ठेवून पिशवी आत सोडली. प्रत्येक खेपेला सकाळी उंदीर जसाच्या तसा, आणि एकदा वितळलेला पुन्हा गोठवता येत नाही म्हणून तो कचऱ्यात. इंदुरात कचरा सहा डब्यांत वेगळा करून द्यावा लागतो. ओल्यात टाकायचा की घातक कचऱ्यात, हे गाडीवाल्या दादांना विचारायचा धीर मला झाला नाही. मी कुंडीत पुरला. मोगरा जोरात आहे.

दर रविवारी मी बाळाला भाजीच्या वजनकाट्यावर प्लास्टिकच्या डब्यात ठेवून तोलते. दिवाळीत १४६० ग्रॅम होतं. नवव्या आठवड्यात १३९८. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टर, असं लेकानं बजावलंय. मी मनातल्या मनात भागाकार करते, चार टक्के आणि वर थोडं. हा भागाकार मी पूर्वीही केलेला आहे. लेक तीन वर्षांचा असताना वर्षभर तूप-साखर-पोळीशिवाय कशालाही शिवत नव्हता. चिऊचा घास, काऊचा घास, खिडकीतून जाणारी गाडी दाखवत एक घास. मी रडकुंडीला आले होते. तेव्हाचे आमचे डॉक्टर म्हणाले होते, "ताटली ठेवा आणि तुम्ही तिथून उठा." मला ते निर्दय वाटले होते. आता तोच लेक फोनवर म्हणतो, "आई, तू समोर उभी राहतेस ना, म्हणून तो खात नाही. ठेव आणि निघून ये. आणि नाही खाल्लं तर लगेच दुसऱ्या दिवशी देऊ नकोस. दोन आठवडे थांब." दोन आठवडे! ह्या घरात दोन तास कुणी थांबलेलं नाही.

सासूबाईंचा तोडगा साधा होता, दूध. पण तो दिवाळीच्या आधी, श्रावणातच निकालात निघाला होता. तेव्हा त्यांना समजावलं की साप दूध पीत नाही, ते त्याला पचत नाही, नागपंचमीला टोपलीतला नाग पितो तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षं मी त्याला छळलं?" त्याच श्रावणात त्यांनी पाटावर चंदनानं नाग काढला, लाह्या वाहिल्या आणि वाटीतलं दूध पूजेनंतर स्वतः प्यायल्या. योगायोगानं बाळाच्या जेवणाचा दिवसही तोच आला होता. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सगळं उकडलेलं, वाफवलेलं. मी भीतभीत विचारलं तर त्यांनी क्षणभर विचार करून निवाडा दिला, "कोमट पाण्यातलं चालतं." एका शेगडीवर दिंडं वाफवायला ठेवली होती, दुसरीवर बाळाचं पाणी.

हे साप जगतात किती, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज, मी म्हटलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीनं २०२० साली, वयाच्या साठीच्या आसपास, कित्येक वर्षं नराचं तोंड न बघता सात अंडी घातली, हेही सांगितलं. सासूबाईंनी नराबद्दलच्या भागाकडे दुर्लक्ष केलं. "वीस-तीस," त्या पुटपुटल्या. त्यांचं वय ब्याऐंशी. "म्हणजे ह्याचं बघायला तुलाच राहावं लागणार." मला माझं वय आठवलं.

शेवटी मी सोडून दिलं. अकराव्या आठवड्यात संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्यांच्या गडबडीत संध्याकाळी उंदीर गरम केला, नाचवला वगैरे काही नाही, बिळाच्या तोंडाशी ठेवला, दिवा मालवला आणि पोळ्या लाटायला गेले. खरं सांगायचं तर विसरूनच गेले. रात्री अकराला आठवण झाली. टॉर्च घेऊन बघितलं तर उंदीर नव्हता. बिळात चेंडू होता आणि चेंडूच्या मध्यावर एक फुगवटा होता.

मी ओरडलेच असेन, कारण सासूबाई काठी टेकत आल्या. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ त्या फुगवट्याकडे बघितलं. आता ४८ तास त्याला हात लावायचा नाही, मी हळू आवाजात सांगितलं, नाही तर ओकून टाकेल.

"हात कोण लावतंय," त्या म्हणाल्या. मग फ्रीझर असलेल्या बाल्कनीकडे मान वळवून म्हणाल्या, "अकरा आठवड्यांचा उपास. एकानं काय होतंय गं त्याला? अजून एक काढ."