पोफळीला उभी असलेली एमएच ११

कुंभार्ली घाट उतरल्या उतरल्या पोफळीजवळ साताऱ्याची गाडी उभी. पुढच्या चाकांतून धूर, आणि एकजण बाटलीतलं पाणी चाकावर ओततोय.

"गार पडतंय की लगेच!"

हेच वाक्य दिवसभर डोक्यात. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकामागच्या लोखंडी चकतीवर, गार पाणी पडलं की ती वाकू शकते. मग पुढं प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरतं.

घाट उतरताना दुसरा गिअर. ब्रेक दाबायचा, सोडायचा. पाय सतत ठेवला की ब्रेक तापतो, ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होऊ शकतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. जुन्या ऑइलात हवेतला ओलावा मुरलेला असतो, ते लवकर उकळतं. म्हणून साधारण २ वर्षांनी बदलायचं.

जळका वास आला तर सपाटीला थांबा, अर्धा तास तरी. हँडब्रेक ओढू नका. पहिला गिअर, चाकाला दगड.

पुढं गुहागर, तवसाळ-जयगड फेरीबोट, आरे-वारेचं वळण. समुद्र कुठं पळून जात नाही.

निघताना डिकीत फरसाण किती हे सगळ्यांना पाठ. ब्रेक ऑइल कधी बदललं, कुणाला आठवतंय?