आईची पाठ आणि पॅरिसचा पाऊस

आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती तेव्हाची गोष्ट. शिकागोत काय काय बघायचंय विचारलं तर तिची यादी एका ओळीची, विवेकानंद जिथे बोलले ती जागा. ती जागा म्हणजे मिशिगन अव्हेन्यूवरचं आर्ट इन्स्टिट्यूट, दारात दोन ब्राँझचे सिंह उभे आहेत ना, तेच. ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषद याच इमारतीत सुरू झाली, इमारत तेव्हा नवीकोरी होती आणि म्युझियम म्हणून त्याच वर्षी नंतर उघडली. म्हणजे आईची तीर्थयात्रा आणि मला कॅमेरा घेऊन अख्खा दिवस, दोघंही खूश.

मी म्युझियममध्ये नुसत्या चित्रांचे फोटो काढत नाही. कशाला काढायचे, त्याहून कितीतरी चांगले त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. मला हवी असतात चित्र बघणारी माणसं, चित्रासकट, आणि त्यासाठी माझा ठरलेला अड्डा म्हणजे गुस्ताव कायबॉत या फ्रेंच चित्रकाराचं १८७७ सालचं पॅरिसमधल्या पावसाळी रस्त्याचं चित्र. जवळजवळ सात फूट उंच, नऊ फूट रुंद. पुढची छत्रीवाली जोडी जवळपास खऱ्या माणसाएवढी, त्यामुळे समोर कुणी येऊन उभं राहिलं की तेही त्याच फुटपाथवरून चाललंय असं वाटायला लागतं. आणि गंमत म्हणजे उजव्या कडेला कायबॉतनेच एक पाठमोरा माणूस रंगवलाय, कडेला चक्क अर्धा कापलेला, आपण घाईत फोटो काढला की कुणीतरी मध्ये येतं ना, तस्सा. म्हणजे पाठमोऱ्या माणसाला फ्रेममध्ये घ्यायची आयडिया माझी नाहीच, ती चित्रातच आहे.

इथे माझ्या आधी मोठी माणसं येऊन गेलीत हेही सांगायला हवं. थॉमस स्ट्रुथ या जर्मन फोटोग्राफरने १९९० मध्ये याच चित्रासमोर फोटो काढला, त्यात एक बाई बाबागाडी घेऊन उभी आहे आणि आता ही चित्रातल्या रस्त्यात शिरणार असं वाटतं. त्याचा कॅमेरा मोठ्या फिल्मचा, अवजड, म्हणजे सगळा खेळ थांबण्याचा. एलियट अर्विट या फोटोग्राफरचा १९९५ चा, माद्रिदच्या प्राडो म्युझियममधला फोटो तर बऱ्याच जणांनी बघितला असेल, गोया या स्पॅनिश चित्रकाराची दोन चित्रं, कपडे घातलेली 'माहा' आणि शेजारी तीच विवस्त्र, पहिलीसमोर एकटी बाई आणि दुसरीसमोर बाप्यांचा घोळका. तो बघून मी अजूनही हसतो.

माझी पद्धत साधी आहे, ३५ मिमीची लेन्स, सायलेंट शटर, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) १६००-३२०० पर्यंत नेतो, फोटोत थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ दे. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीतच. आधी चित्राची फ्रेम पक्की करायची, कडा सरळ, आणि मग गप उभं राहायचं, माणसं आपणहून येतात. मागे सरकताना मात्र मागे बघा, मी एकदा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सरकलो आणि एका आजींच्या पायावर पाय दिला, शप्पथ इतकी लाज वाटली.

सुरुवातीला मी कपड्यांचे रंग जुळवायचो, निळं चित्र निळं जॅकेट वगैरे, ते पाच-सहा फोटोंनंतर कंटाळवाणं होतं. लोकांच्या मागे लागणंही बंद केलंय. याच म्युझियममधल्या, हॉपर या अमेरिकन चित्रकाराच्या रात्रीच्या कॅफेच्या चित्रासमोर एक जोडपं हळू आवाजात भांडत होतं, चित्रातल्यासारखंच एकमेकांकडे न बघता, फोटो भारी आला होता, पण घरी येऊन उडवला. तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते मला मोठं करून बघितल्यावर दिसलं.

तर त्या दिवशी. आईला आधी स्यूरा या फ्रेंच चित्रकाराच्या रविवारच्या बागेच्या चित्रासमोर बाकावर बसवलं, तिने पाच मिनिटांत उजवीकडच्या बाईच्या हातातल्या दोरीला बांधलेलं माकड शोधून काढलं (मला ते दुसऱ्या खेपेला दिसलं होतं!). मी पलीकडे कायबॉतसमोर. वीस मिनिटं गेली, कुणी मोबाइल वर धरतंय, कुणी सेल्फीसाठी चित्राकडे पाठ करतंय, एकही फ्रेम जमेना. आणि मग नेमकी आई मध्ये आली. सहावारी, वर माझा जुना राखाडी स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, हात मागे बांधलेले. माझ्या मनात आलं, आई सरक ना गं. ती सरकली, पण आणखी उजवीकडे, बरोबर त्या अर्ध्या माणसाच्या शेजारी. दोन पाठी एका ओळीत. तेवढ्यात डावीकडे कुठलं तरी पोर रडलं आणि आईने मान वळवली, चित्रातली ती जोडीही डावीकडेच बघतेय. मी शटर दाबलं, एकदाच, दुसरा घ्यायच्या आत ती माझ्याकडे वळलीसुद्धा.

"अरे, यात पाऊस कुठंय? एक थेंब काढला नाही बघ त्याने. नुसते दगड ओले केलेत." आणि मग, "सगळ्यांच्या छत्र्या एकाच दुकानातल्या दिसतात."

मी इतक्या वेळा त्या चित्रासमोर उभा राहिलोय, पाऊस शोधायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. साताऱ्याच्या बाईला कळणारच म्हणा.

फोटो दाखवला तर तिचा चेहरा पडला. "माझं तोंडच नाही रे यात. आणि हे बूट कशाला घेतलेस?" मग बाहेर सिंहापाशी उभं करून एक रीतसर काढला, पदर नीट, बूट फ्रेमच्या बाहेर. फॅमिली ग्रुपवर तो गेला, मावशीने लगेच विचारलं सिंह खरा आहे का. हा दुसरा माझ्या लॅपटॉपवर आहे, आईने तो अजून कुणाला पाठवू दिलेला नाही.