क्रोटनची पानगळ ते गुटी कलम – माझा अनुभव

माझं माहेर चिपळूणजवळ. तिथे गडग्याच्या (रचलेल्या दगडांच्या कुंपणाच्या) कडेनं क्रोटनची रांग आहे, लाल, पिवळी, काळपट जांभळी पानं, माणसापेक्षा उंच वाढलेली, आणि त्यांना कुणी मुद्दाम खत घातलेलं मी लहानपणापासून पाहिलेलं नाही. गणपतीत आई मखराला तीच पानं लावते. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीआधी पुण्यात नर्सरीत पेट्रा जातीचं क्रोटन दिसलं, रुंद पानं आणि शिरांवर पिवळा-केशरी-लाल रंग, तेव्हा मी फार विचार न करता ते घेतलंच. नर्सरीवाल्यांनी सांगितलं की इनडोअर आहे, घरात कुठेही ठेवा ताई, आठवड्यातून दोनदा पाणी घाला, बस्स.

मी ते हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं, खिडकीपासून दहाएक फूट लांब. आठवडाभरात खालची पानं लोंबायला लागली आणि मग गळायला. वाळून नाही हं, चांगली रंगीत पानं हात लावला की देठासकट खाली. पंधरा दिवसांत अकरा पानं गेली. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून रोज घालायला लागले, तर अजून गळती, मग वाटलं मातीच खराब असेल म्हणून कुंडी बदलली, आणि हे सगळ्यात चुकीचं झालं कारण क्रोटनला जागा बदललेलीच सहन होत नाही, त्यात लगोलग मुळंही हलवली. माती काढल्यावर दिसलं की मधला गोळा चिकट लाल मातीचा, पाणी आत धरून बसलेला, काही मुळं काळी आणि मऊ पडलेली. ती कापली आणि माती, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाड वाळू असं मिश्रण भरलं. मिश्रण बरोबर होतं, फक्त वेळ चुकली.

मग आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, ते उन्हातलं झाड, अंधारात कशाला डांबलंस त्याला?" तेवढं एकच वाक्य, पण माझा सगळा घोळ तिथेच होता. पानांतला लाल आणि पिवळा रंग नीट धरायला भरपूर उजेड लागतो, उजेड कमी पडला की नवीन पानं नुसती हिरवीच राहतात, आणि माझ्या झाडाला तोपर्यंत आलेली दोन्ही नवी पानं हिरवीगार होती. इंडोनेशिया, मलेशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण आणि दमट भागातलं हे झाड, आपल्या कोकणात म्हणूनच गडग्याला सहज वाढतं. घरात ठेवता येतं, पण खिडकीला चिकटून, जिथे रोज दोन-तीन तास तरी थेट ऊन पोचतं अशाच जागी.

आमची गॅलरी पूर्वेकडे आहे, सकाळी अकरापर्यंत ऊन. पण एकदम उन्हात ठेवलं असतं तर घरात राहिलेली पानं भाजली असती, म्हणून पहिला आठवडा गॅलरीच्या दाराच्या आत, दुसऱ्या आठवड्यात तासभर ऊन, मग दोन तास, असं करत महिन्याभरात कायमच्या जागी नेलं आणि त्यानंतर ती कुंडी हलवलीच नाही. फक्त जानेवारीत रात्री फार गार व्हायला लागलं तेव्हा कठड्यापासून दोन फूट आत ओढली, कारण थंडीनंही पानं गळतात. पाणी मात्र ठरलेल्या वाराला घालणं बंद केलं. बोट मातीत दोन पेरं घालायचं, वरची माती कोरडी लागली तरच घालायचं, आणि घालताना खालून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी शेंड्याला फूट आली. ती पण हिरवी-पिवळीच होती, मी परत घाबरले, पण पेट्राचं नवीन पान तसंच येतं आणि जुनं होता होता त्याच्यात लाल-केशरी उतरतो, माझी ती पानं रंगायला दीडएक महिना लागला.

एप्रिलमध्ये पुण्यातली ती कोरडी हवा सुरू झाली आणि पानं निस्तेज दिसायला लागली, वरून बारीक पांढरट ठिपके, देठाजवळ अगदी तलम जाळी. लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारली तर कागदावर बारीक ठिपके पडले आणि ते चालायला लागले. शेतकरी लोक याच्यामुळे किती हैराण असतात ते मला तेव्हा कळलं. पहिलं काम म्हणजे कुंडीवर प्लास्टिक बांधून झाड बाथरूममध्ये नेऊन हँडशॉवरनं प्रत्येक पान खालच्या बाजूनं धुतलं (कुंडी हलवायची नाही हा नियम मोडला, पण त्याच दिवशी त्याच जागी, तोंड त्याच दिशेला करून परत ठेवली). मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब, आधी तेलात सोप नीट मिसळायचा, नाहीतर तेल नुसतं वर तरंगतं. फवारणी ऊन उतरल्यावरच. आणि एकदा करून भागत नाही, अंडी राहतात, त्यातून नवीन कोळी निघतात, मी दर पाच-सहा दिवसांनी चार वेळा केली तेव्हा कुठे कागद कोरा राहिला.

एवढं सगळं होऊन झाड जगलं पण खालचं खोड उघडं, वर पानांचा झुपका. ते मला बघवेना. जुलैत माहेरी गेले होते तेव्हा शेजारचे काका डाळिंबाला गुटी बांधत होते (म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून मग ती कापून नवीन रोप करायचं), ते म्हणाले क्रोटनला पण बांध, पावसाळ्यात लगेच धरते.

तर परत आल्यावर झुपक्याच्या थोडं खाली, पेन्सिलीएवढ्या जाड खोडावर, धारदार स्वच्छ ब्लेडनं दोन सेंटिमीटर रुंदीची सालीची रिंग काढली. आतला बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. चीक बराच येतो, एरंड आणि पानचेटीच्याच कुळातलं झाड आहे, त्या चिकानं काहींच्या कातडीची आग होते आणि कपड्यावरचा डाग जात नाही, म्हणून हातमोजे घाला. पान चघळणंही बरं नाही, माझा भाचा दोन वर्षांचा आहे, तो आला की गॅलरीचं दार बंदच असतं. चीक पुसून रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करते ती) लावली, भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ (नर्सरीत मिळतं ते वाळलेलं स्फॅग्नम मॉस) मूठभर गुंडाळलं, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं आवळून.

पाच आठवड्यांनी प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. मी अजून दहा दिवस थांबले, शेवाळ मुळांनी भरू दिलं, मग गुटीच्या खालून कापून शेवाळासकट सहा इंची कुंडीत लावलं आणि पंधरा दिवस सावलीत ठेवलं. दोनच पानं गळली! आणि कापलेल्या खोडाला सप्टेंबरमध्ये तीन ठिकाणी डोळे फुटले, त्यातला एक अगदी मातीजवळून आहे. गुटीचं रोप या गणपतीत आईकडे नेलं, तिनं ते गडग्याशी मोकळ्या जागेत लावलंय.