वहीतले चष्मेवाले

कान तपासायला माणूस सहसा आपणहून येत नाही. बायको आणते, नाहीतर सून. खुर्चीत बसताच पहिलं वाक्य ठरलेलं: "मला नीट ऐकू येतं हो, हल्ली लोकच पुटपुटतात." गेल्या महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकात आलेले काका मात्र एकटेच आले, काखेत चार वह्या घेऊन.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात, ३१ वर्षं. सुट्टीच्या दिवशी पहाटे ठाण्याजवळचं येऊरचं जंगल. ठरलेल्या आठ जागी दहा-दहा मिनिटं उभं राहायचं आणि दिसलेले, ऐकलेले पक्षी लिहायचे. दाट झाडीत पक्षी मोजायचे ते मुख्यतः कानांनीच, हे मला त्या दिवशी कळलं. वह्यांत चष्मेवाले, म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले चिमुकले पक्षी, वर्षागणिक घटत गेलेले. काका सगळ्यांना सांगत सुटलेले, येऊर संपलं. मग दिवाळीत नात सोबत गेली. यांनी वहीत शून्य लिहिलं आणि ती म्हणाली, "आबा, वर केवढा थवा चिवचिवतोय!"

बाहेरचा आवाज न शिरणाऱ्या बूथमध्ये बसवलं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. दाबलं की मी आवाज दहा डेसिबल खाली उतरवते, नाही दाबलं की पाच वर चढवते. हर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितका सूर उंच. १००० हर्ट्झपर्यंत तरुणांना लाजवतील असे कान. २००० ला जरा घसरण. ४००० ला मात्र ७० डेसिबलपर्यंत चढले तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. दोन्ही कानांच्या आलेखात तोच खड्डा, ८००० ला आलेख पुन्हा थोडा सावरलेला. आवाजात आयुष्य काढलेल्या कामगाराचा आलेख असाच दिसतो. कंपनीतली तपासणी दरवर्षी 'नॉर्मल'. डॉक्टर मागून नाव घेऊन हाक मारायचे, मान वळली की शिक्का! अशा शिक्क्यांचे कागद बघून माझं डोकं फिरतं.

चष्मेवाल्याचं ध्वनिमुद्रण फोनवर लावून पाहिलं. किलबिल बरीचशी त्या खड्ड्यातच. मी उत्साहाने म्हटलं, "काका, पक्षी आहेत की, चांगलीच बातमी!"

त्यांनी दुसरी वही उघडली. शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात ओढ्याकाठी माणसासारखी लांब शीळ घालणारा. ती शीळ बरीचशी त्या खड्ड्याखालच्या पट्टीतली, तिथे काकांचा कान बऱ्यापैकी शाबूत. तरी तोही कमी होत आलेला, दोन जागी तर तीन पावसाळे नाहीच. "याचं काय करू, मॅडम?"

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, २०२३ च्या देशभरातल्या पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, त्यातल्या १७८ अतिचिंतेच्या. तो उभा आहे ३०,००० हून जास्त निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर. काकाही तिथे याद्या टाकतात. "एवढ्या लोकांत माझा एक कान खपून जाईल म्हणा. पण येऊरच्या या आठ जागी मी एकटाच उभा असतो."

श्रवणयंत्राची ट्रायल दिली. विक्रेते 'गोंगाट कमी करतं' म्हणून यंत्र खपवतात, पण तेच यंत्र किलबिलीला गोंगाट समजून दाबू शकतं आणि कस्तुराची लांब शीळ ही स्वतःचीच शिट्टी (यंत्राचा आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की वाजते ती) समजून छाटू शकतं. जंगलासाठी वेगळा प्रोग्राम केला: गोंगाटाची छाटणी बंद, शिट्टीवरचं नियंत्रण अगदी सौम्य. वरचे सूर खाली आणून ऐकवायची सोयही दाखवली. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "हा कुठला पक्षी? चष्मेवाला नव्हे." ती बंद केली. ती नसल्यावर थव्यातले किती आवाज पोचतील, याची खात्री मी दिली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, कान कुठल्या वर्षी गेले. आलेख आजचा, जुना एकही नाही. असले खड्डे हळूहळू पडतात, एवढंच सांगितलं. त्यांनी ऑडिओग्रामच्या, म्हणजे त्या आलेखाच्या, चार प्रती मागितल्या, प्रत्येक वहीत एक चिकटवायला.

"पहिल्या वहीतही?" मी विचारलं.

थोडा वेळ ते ती वही चाळत बसले. मग एक प्रत परत केली, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा येऊन घेऊन गेले.