सहाच्या आधी आवाज नको

दिवाळी पहाटेचं काम घेतलं की आम्हा साऊंडवाल्यांपुढे एक अडचण ठरलेली असते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. सणासुदीला वर्षातले काही दिवस सरकार सूट देतं, पण ती रात्री १२ पर्यंतची. पहाटेला सूट नाही. आणि आयोजकांना तर सहाच्या ठोक्याला पहिला सूर हवा असतो. मग साऊंडचेक करायचा कधी? सरळ उत्तर म्हणजे आदल्या संध्याकाळी. सांगलीच्या त्या पाडव्याला तेही जमण्यासारखं नव्हतं. आदल्या रात्री आमचा कोल्हापूरला कार्यक्रम होता. तो दहाला संपला, सामान आवरून टेम्पो सांगलीत शिरेपर्यंत दीड वाजून गेला होता.

पटांगण कृष्णेच्या काठाजवळ. मांडववाल्यांचं काम झालेलं, गाद्या घातलेल्या, झेंडूच्या माळा लागलेल्या, आणि सगळ्यावर दव. उघड्यावरच्या पहाटेच्या कामात मला पावसापेक्षा दवाची भीती जास्त. पाऊस निदान दिसतो. मिक्सर लावायच्या आधी मी डेकोरेटरकडून बागेतली मोठी छत्री मागून घेतली, ती टेबलाला बांधली आणि मगच केस उघडली. सोळा चॅनेलचा साधा अॅनालॉग मिक्सर. डिजिटल दुसऱ्या कामावर गेला होता, आणि खरं सांगायचं तर अशा बैठकीच्या गाण्याला मला त्याची उणीव भासत नाही.

स्टेजपासून मिक्सरपर्यंतची मल्टीकोर, म्हणजे सगळ्या माईकांच्या तारा एकत्र असलेली जाड केबल, ओढून झाली, स्पीकरचे बॉक्स उभे राहिले. पटांगण लांबट होतं, म्हणून मागच्या लोकांसाठी ४० मीटरवर आणखी एक जोडी लावली. या मागच्या बॉक्सना डिले द्यावाच लागतो, म्हणजे त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडावा लागतो. विजेच्या तारेतून आवाज तिथे लगेच पोचतो, पण स्टेजवरचा आवाज हवेतून चालत येतो. न दिल्यास मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. एरवी मी टाळी वाजवून, कानाने जुळवतो. इथे बॉक्स वाजवायचेच नव्हते, म्हणून टेपने अंतर मोजलं आणि हिशेब केला. अठरा अंशांच्या आसपास आवाज सेकंदाला साधारण ३४२ मीटर जातो, म्हणजे ४० मीटरला ११७ मिलिसेकंद. आकडा भरला आणि पुढच्या कामाला लागलो.

चारच्या सुमारास बंदोबस्तावरचे हवालदार आले. परवानगीचा कागद बघितला, घड्याळ बघितलं.

"सहा म्हणजे सहा हं, साऊंडवाले. पाच अठ्ठावन्न नाही."

"साहेब, अॅम्प्लिफायरच बंद ठेवलेत. हात लावून बघा, गार आहेत."

त्यांनी खरोखर हात लावून बघितला.

साडेचारला कलाकार आले. गायिका मिरजेच्या, आणि सोबत दोन खरे तंबोरे. हल्ली बहुतेक कार्यक्रमांत इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची वायर हातात देतात आणि विषय संपतो. पण मिरजेची गायिका मशीन कशाला आणेल? सतारमेकर गल्लीतले तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आवाज न करता साऊंडचेक करायचा तर हातात दोनच गोष्टी उरतात, हेडफोन आणि पीएफएलचं बटण. पीएफएल दाबलं की फेडर, म्हणजे आवाज वरखाली करायची सरकपट्टी, खाली असला तरी त्या चॅनेलचा आवाज हेडफोनमध्ये येतो आणि मीटरवर दिसतो. एकेका चॅनेलचा गेन, म्हणजे माईकचा आवाज मिक्सरमध्ये मुळात किती मोठा घ्यायचा ते, असाच लावत गेलो. माझ्या मते निम्मं मिक्सिंग या एका नॉबवर होतं. गेन कमी ठेवला तर पुढे फेडर कितीही ढकला, सोबत खरखर येते. जास्त ठेवला तर तार सप्तकात आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणताच इक्वलायझर शिवून देत नाही. त्यात गायक चेकला नेहमी हळू गातात.

"ताई, सगळ्यात वरचा सूर लावता का एकदा? पूर्ण ताकदीने."

"आत्ता? घसा अजून उघडला नाहीये."

"मग जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत."

त्या मध्यमापर्यंत गेल्या. मी वरचा अंदाज बांधून गेन आणखी थोडा मागे घेतला.

तबल्याला एक माईक, डग्ग्याला एक. नदीवरून वारा येत होता, म्हणून डग्गा सोडून सगळ्या चॅनेलचं लो-कट, म्हणजे खालचा घोंघाट कापणारं बटण, दाबलं. डग्ग्याचं दाबलं तर घुमाराच निघून जातो. तबलजी मात्र वैतागलेले. दमट हवेत शाई-पुडीचा ताण उतरत होता आणि ते हातोडी घेऊन पुन्हा पुन्हा गट्टे ठोकत होते. त्यांच्या हातोडीचा प्रत्येक ठोका माझ्या कानात.

तंबोऱ्यासाठी कंडेन्सर माईक लावले. त्यांना मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम लागतो, तो चॅनेल म्यूट करूनच सुरू करायचा, नाहीतर धाडकन आवाज येतो. माईक भोपळ्याच्या फार जवळ नेला तर नुसता घूं येतो. घोडीच्या दिशेने, वीतभर अंतरावर आणला तेव्हा जवारी उघडली. तार छेडल्यावर आधी सूर, मग त्याच्या आतून एकावर एक निघत जाणारे बारीक सूर, सगळे वेगळे ऐकू येत होते. शिष्येने तारेखालचा जवारीचा धागा केसभर सरकवला, आणि तो फरक मला वीस मीटरवर, हेडफोनमध्ये, तिच्या आधी कळला असावा. हवालदार शेजारी उभे होते. त्यांच्या कानाला एक बाजू लावली. बराच वेळ त्यांनी ती काढली नाही.

"इकडे तर कार्यक्रम चालू झालाय की," म्हणाले.

मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवतात त्या स्पीकरचा, प्रश्न उरलाच होता. त्यांचा आवाज किती, सीटी कुठे वाजते, हे बॉक्स लावल्याशिवाय कळत नाही. ताईंना स्पष्ट सांगितलं की सहापर्यंत मॉनिटरमधून काही येणार नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि दोन्ही शिष्यांना म्हणाल्या, "मग माझ्या अगदी पाठीशी बसा गं. मॉनिटर नव्हते तेव्हाही लोक गातच होते." मला तेवढा आधार पुरेसा होता.

पाच वीसला हेडफोनमध्ये घरघर आली. लाईटवाल्याने स्टेजचे दिवे डिमरवर चढवले आणि तेव्हाच. एकेक पीएफएल दाबत गेलो तर ती लॅपटॉपच्या चॅनेलवर होती. सुरुवातीची सनई त्यावरूनच वाजायची होती. लॅपटॉप आयोजकांच्या एका मुलाकडे, आणि तोच एचडीएमआयने मागच्या एलईडी स्क्रीनलाही जोडलेला. चार्जर काढायला सांगितला, घरघर तशीच. एचडीएमआय काढायला सांगितली, गप्प. म्हणजे स्क्रीन डेकोरेटरच्या लाईनवर, आपण जनरेटरवर, आणि दोन अर्थिंगच्या मध्ये लॅपटॉप सापडलेला. लाईटवाला मदतीच्या भावनेने म्हणाला, "दादा, प्लगची अर्थची पिन काढून टाकू का?" हा उपाय मी अनेक ठिकाणी बघितलाय आणि दर वेळी चिडतो. ओल्या पटांगणात, लोखंडी स्टेजवर, अर्थ तोडून माणसं बसवायची? बॅगेतून ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स काढला, लॅपटॉप त्यातून घेतला आणि ग्राऊंड लिफ्टचं बटण दाबलं. आवाज पलीकडे जातो, अर्थचा रस्ता तुटतो. घरघर गेली. पटांगणात जमू लागलेल्या लोकांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं.

सनई मी मुद्दाम मागून घेतली होती. सहाला दीपप्रज्वलन, त्याला तीन-चार मिनिटं तरी लागतात. तेवढ्यात रेकॉर्डिंगवर मेन बॉक्स जोखता येतात. हवालदारांनी मान हलवली, मी मेन फेडर हळूहळू वर घेतला आणि माझ्या हाताखालच्या पोराला मिक्सरवर ठेवून मागे पळालो. डिले बसला होता. मांडवाखाली २५० हर्ट्झच्या आसपास थोडं गढूळ वाटलं, परत येऊन ते ग्राफिक इक्वलायझरवर खाली घेतलं.

ताईंनी ललत लावला. पहिल्या पाच मिनिटांत हातवारे सुरू झाले, तंबोरा वाढवा. वाढवला. पुन्हा वाढवा. आता कंडेन्सर माईक आणि मॉनिटर यांची गाठ पडून बारीक शीळ उठू लागली. अशा वेळी वाढवत जाण्याला अंत नसतो. मी तंबोरा होता तिथे परत आणला आणि त्यांच्या मॉनिटरमधला तबला निम्म्यावर घेतला. त्यांनी माझ्याकडे बघून बोटाने 'बरोबर' अशी खूण केली. तंबोरा वाढवलाय असंच त्यांना वाटलं असणार, आणि मी आजवर त्यांना खरं सांगितलेलं नाही.

द्रुत संपताना त्या तार षड्जावर जाऊन थांबल्या. पीकचा लाल दिवा एकदा चमकला आणि विझला. आवाज अखंड राहिला. समोरून 'वा' आली ती थेट माझ्या टेबलापर्यंत. सूर्य वर आला तसा तबला चढू लागला आणि तबलजी पुन्हा हातोडी शोधू लागले. पण तोवर अभंग सुरू झाले होते, टाळ आले होते, आणि माझं लक्ष टाळांवर होतं. टाळ माईकपासून हातभर लांब ठेवायला सांगून कुणी ऐकत नाही. चॅनेल जवळजवळ बंद ठेवला, तरी ते बाकीच्या सगळ्या माईकांमधून येतच राहिले.

साडेनऊला आवराआवर. ओली मल्टीकोर तशीच गुंडाळली तर कनेक्टरना गंज धरतो, म्हणून ती मैदानभर उन्हात पसरली आणि तोवर फराळाच्या पाकिटावर ताव मारला. सामान मोजताना डीआय बॉक्स सापडेना. लॅपटॉपवाल्या मुलाने तो आपल्या चार्जरसोबत बॅगेत भरला होता. गेटवर गाठून परत घेतला. "हे स्क्रीनचं नव्हतं होय?" असं विचारून तो स्कूटरवर बसून गेला, आणि आम्ही टेम्पो जयसिंगपूरच्या संध्याकाळच्या कामाकडे वळवला.